पुढची सीट मिळेल का?

जागा धरणं ही आपली जुनी कला. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, वेळप्रसंगी धाकटं पोरसुद्धा आत सोडून आपण जागा धरलेल्या आहेत. मंगल कार्यालयात पहिल्या पंगतीला 'इथे आमच्या वन्सं बसणार आहेत हं' म्हणत तीन खुर्च्यांवर तीन पर्सा ठेवलेल्या आहेत. नाटकाला गेलं तरी 'तुम्ही जरा एक खुर्ची सरकता का, आम्ही दोघी एकत्र आहोत' हे असतंच.

आता या कलेला नवं मैदान मिळालंय. आमच्या वेळी शाळेची मोठी सहल म्हणजे एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क. बोटीतून गोराईला जायचं, दिवसभर उंडारायचं आणि घसा बसवून परत यायचं. ते २०२२ मध्ये बंद झालं. पण त्याच्या आधीच, २०१३ साली, खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं आणि पुणेकरांची सोय झाली. सकाळी एक्स्प्रेसवे धरायचा, घाट उतरायचा, की आलंच. पूर्वी अशा ठिकाणी शाळकरी मुलं आणि नवी लग्नं झालेली जोडपी दिसायची. आता भिशीचे ग्रुप असतात, सोसायटीची महिला मंडळं असतात, निवृत्त शिक्षिका असतात, सुनेबरोबर आलेल्या सासवाही असतात. मला तर हे बघून फार बरं वाटतं. आणि राइडच्या रांगेत हमखास एक वाक्य ऐकू येतं, 'दादा, पुढची सीट मिळेल का?'

असं विचारावं का, यावर आमच्या भिशीत मध्यंतरी चांगली तासभर जुंपली होती. एकीचं म्हणणं, 'विचारायचं काय त्यात? तिकिटाचे एवढे पैसे मोजलेत, हवी ती जागा मिळालीच पाहिजे.' दुसरीचं म्हणणं, 'मिळेल तिथे बसावं गं. पाच मिनिटांची तर राइड, त्यात काय एवढे नखरे?' मला दोन्ही म्हणणी अर्धीच पटली. मागणं गैर नाही, हे माझं मत. पण कुणाकडे मागायचं, केव्हा मागायचं आणि त्याची किंमत कुणी मोजायची, याला काही रीत आहे की नाही?

आधी 'नखरे' म्हणणाऱ्या मैत्रिणीचं बघू. राइडवर सगळ्या जागा सारख्या नसतात. रोलरकोस्टरची पहिली रांग घ्या. समोर कुणाचं डोकं नाही, नुसतं मोकळं आभाळ आणि तोंडावर वारा. गाडी उंचावर पोचली, की पहिली रांग कड्यावरून डोकावल्यासारखी क्षणभर लोंबकळते, कारण मागचे डबे अजून वर चढत असतात. शेवटच्या रांगेचं उलट. पुढचे डबे खाली सुटलेले असतात, ते मागच्यांना फरपटत ओढून नेतात. म्हणून मागे बसलेल्यांना पोटात गोळा जास्त येतो आणि सीटवरून उचलल्यासारखंही जास्त वाटतं. ज्यांना बघायची हौस त्यांनी पुढे बसावं, ज्यांना किंचाळायची हौस त्यांनी मागे.

झुलणाऱ्या जहाजात दोन्ही टोकं सगळ्यात उंच जातात, मधल्या बाकावरची माणसं त्या मानाने निवांत असतात. ज्यांना पित्ताचा, चक्करचा त्रास आहे त्यांनी मधला बाक मागितला तर त्यात नखरा कसला? लाकडी घोड्यांच्या चक्रात बाहेरचा घोडा आतल्यापेक्षा वेगाने पळतो, कारण तेवढ्याच वेळात त्याला मोठा फेरा मारायचा असतो. लहान मूल पहिल्यांदाच बसत असेल तर आतला घोडा बरा. इतकंच काय, पेशवे पार्कातली आपली फुलराणी घ्या. १९५६ साली सुरू झालेली ती इवलीशी आगगाडी, तिला ना उंची ना वेग. तरी पोरं इंजिनाजवळच्या डब्यासाठी हट्ट करत आली आहेत. जागेची आवड ही माणसाला असतेच, तिची लाज वाटायचं कारण नाही.

आता 'पैसे मोजलेत' म्हणणाऱ्या मैत्रिणीचं बघू. तिकिटात आपण राइडवर बसायचे पैसे भरतो, अमुक जागेवर बसायचे नव्हे. जागा कुणी कुठे बसायचं हे ठरवायला तिथे ऑपरेटर उभा असतो आणि त्याच्या ठरवण्याला कारणं असतात. चतुःशृंगीच्या जत्रेत आकाशपाळण्यावर बसला असाल तर आठवा. पाळणेवाला एका पाळण्यात माणसं बसवतो, मग चाक अर्धं फिरवून समोरच्या पाळण्यात बसवतो. लगतचे चार पाळणे एकदम भरले तर चाक एका बाजूला जड होईल, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पाण्यातल्या बोटीत, गोल तराफ्यातही वजन दोन्हीकडे सारखं लागतं. गरागरा फिरणाऱ्या राइडमध्ये जाडजूड माणसाला बाहेरच्या बाजूला आणि पोराला आत बसवतात, कारण फिरताना सगळा भार बाहेर ढकलला जातो; पोर बाहेर बसलं तर त्याच्यावर आई किंवा बाबा रेलणार! आणि दोघांना मिळून एकच दांडा असेल, तर तो मोठ्या माणसाच्या पोटाला टेकून थांबतो, शेजारचं बारकं पोर मात्र त्याखाली मोकळंच राहतं. आपल्याला वाटतं, हा उगीच माय-लेकरांची ताटातूट करतोय. तो बिचारा पोराचाच विचार करत असतो.

शिवाय वेळेचा हिशेब. एक फेरी निघाली, की पुढची भरायला त्याच्या हातात जेमतेम काही मिनिटं असतात. खोपोलीच्या त्या नायट्रोवर एका रांगेत चार जण बसतात. तिथे आम्हा सहाजणींनी 'आम्हाला सगळ्यांना एकत्रच बसायचंय' म्हणून घोळ घातला, तर मागचे दीडशे लोक उन्हात उभे राहणार. आपल्या हौसेचे पैसे आपण भरले असतील, पण ते ऊन दुसऱ्याच्या डोक्यावर पडतं ना!

म्हणून माझ्या मते मागण्याचे सरळ दोन प्रकार आहेत. एक, ऑपरेटरकडे मागणं. दुसरं, सहप्रवाशाकडे मागणं. पहिलं बहुतेक वेळा बरोबर असतं आणि दुसरं बहुतेक वेळा चूक. आपण नेमकं उलटं करतो. गणवेशातल्या माणसाला विचारायला संकोचतो आणि शेजारी बसलेल्या परक्या बाईला बिनदिक्कत 'जरा तिकडे सरका' म्हणतो.

ऑपरेटरला कसं विचारायचं? फाटक उघडायच्या आधी विचारायचं. फाटक उघडलं, लोक धावले, पट्टे लागले आणि मग 'अहो, आम्हाला पुढे हवं होतं' म्हणून उठलात, तर सगळ्यांचीच पंचाईत. विचारताना एक वाक्य पुरतं, 'आम्हाला पहिली रांग हवी आहे, त्यासाठी पुढच्या फेरीपर्यंत थांबायची तयारी आहे.' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग फार महत्त्वाचा. हौस माझी, तर थांबायचंही मीच. मागच्यांना पुढे जाऊ द्यायचं. तो 'बरं' म्हणाला तर आभार मानायचे आणि 'नाही' म्हणाला तर तोंड न पाडता दाखवेल तिथे बसायचं. एवढं केलं की कुणाचं काही बिघडत नाही.

परदेशात काही पार्कांत हे सोडवायला साधी युक्ती काढली आहे. पहिल्या रांगेत बसायचं असेल त्यांची ओळच वेगळी. ती लांब असते, पण ज्याला हौस आहे तो उभा राहतो. उलट एकट्याने आलेल्यांची आणखी एक वेगळी ओळ असते. तिथे नंबर लवकर लागतो, मात्र जागा निवडता येत नाही, जिथे एक खुर्ची रिकामी असेल तिथे बसायचं. दोन्हीकडे व्यवहार चोख. जागा हवी तर वेळ द्या, वेळ वाचवायचा तर जागेचा आग्रह सोडा.

आणि नुसतं नम्रपणे विचारल्यावर किती काय मिळू शकतं याचं एक गमतीशीर उदाहरण आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये मोनोरेल धावते. कित्येक वर्षं तिथे पाहुण्यांना पुढे थेट चालकाच्या केबिनमध्ये बसता यायचं. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला विचारायचं, जागा असेल तर तो बसवायचा. जुलै २००९ मध्ये दोन मोनोरेल गाड्यांची टक्कर होऊन एका चालकाचा जीव गेला आणि त्यानंतर ही सोय बंद झाली. तिथले लोक अजून हळहळतात. पण अपघातानंतरच्या 'नाही'पुढे कुणाच्या हौसेची काय मातब्बरी?

आता दुसरा प्रकार, सहप्रवाशाकडे मागण्याचा. ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट आता सांगते.

एका पार्कमध्ये (कुठलं ते महत्त्वाचं नाही, हे कुठेही घडतं) मी रोलरकोस्टरच्या रांगेत होते. माझ्या पुढे एक बाई. वय पंचावन्नच्या आसपास, साधा पंजाबी ड्रेस, ओढणी तिने आधीच घडी करून लॉकरमध्ये ठेवली असावी. एकटीच होती. तिने ऑपरेटरला हळूच विचारलं, 'पहिल्या रांगेत बसता येईल का?' तो म्हणाला, 'थांबावं लागेल, मावशी.' ती थांबली. एक फेरी सोडली, मग आणखी एक. तिसऱ्या फेरीला तिला पहिल्या रांगेतली कडेची जागा मिळाली. बसली, हसली. एवढ्यात एक कुटुंब आलं, आई-बाबा आणि दोन मोठी मुलं. त्यांना रांगेतल्या उरलेल्या तीन जागा मिळाल्या होत्या, चौथ्याला मागे जावं लागत होतं. त्यातले गृहस्थ सहज स्वरात म्हणाले, 'काकू, तुम्ही मागे बसता का? आम्ही फॅमिली आहोत. तुम्ही काय, एकट्याच आहात, कुठेही बसाल.'

आणि ती उठली. एक अक्षर बोलली नाही. मागे सातव्या की आठव्या रांगेत, दोन अनोळखी मुलांच्या शेजारी जाऊन बसली. ऑपरेटरने पाहिलं आणि तोही काही बोलला नाही. त्या कुटुंबाने 'थँक्यू' म्हटलं हो, अगदी हसून म्हटलं. वाईट माणसं नव्हती ती. म्हणून तर मला जास्त खुपलं.

'तुम्ही काय, एकट्याच आहात.' या वाक्यात केवढं काय काय भरलंय! एकट्या माणसाची आवड ही आवडच नाही. चार जणांची हौस म्हणजे गरज आणि एकटीची हौस म्हणजे सोय, कधीही हलवता येईल अशी. दोन फेऱ्या थांबून तिने ती जागा मिळवली होती, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि समोर तिच्याच वयाचा एकटा पुरुष बसला असता, तर त्या गृहस्थांनी इतक्या सहज विचारलं असतं का? मला शंका आहे. 'काकू' सरकतात, हे आपल्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असतं.

सरकून घेणं हे आपल्या अंगातच मुरवलेलं आहे. रेल्वेत चौथी सीट कुणाला मिळते? पंगतीत शेवटी कोण बसतं? घरच्या गाडीत मधल्या उंचवट्यावर पाय अवघडून कोण बसतं? आणि पार्कमध्ये तर बायकांचा एक खास हुद्दा असतो, पिशव्या सांभाळणारीचा. नवरा, मुलं, भाचरं राइडवर. ही खाली बाकावर. भोवती सहा पिशव्या, चार मोबाइल, दोन चष्मे आणि कुणाच्या तरी चपला. 'मला कुठे आवडतं गं तसलं' असं ती म्हणते. काहींना खरंच आवडत नाही. पण काहींना कुणी एकदाही विचारलेलं नसतं आणि मग न आवडण्याची सवय होऊन जाते.

यातली गंमत अशी, की हीच बाई दुसऱ्यासाठी मागायला जराही लाजत नाही. 'दादा, माझ्या मुलाला पुढे बसवा ना, त्याचा वाढदिवस आहे.' 'सासूबाईंना कडेची जागा द्या हो, गुडघे दुखतात.' 'हे जरा उंच आहेत, यांना पाय पसरायला जागा लागते.' घरादारासाठी जागा मागण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. स्वतःसाठी मागायची वेळ आली, की आवाज गळ्यातच राहतो. म्हणून त्या पंचावन्न वर्षांच्या बाईचं मला इतकं अप्रूप वाटलं. तिने स्वतःसाठी विचारलं होतं आणि रीतसर थांबून मिळवलं होतं. ती गेली ती जागा नुसती खुर्ची नव्हती हो.

कुणी म्हणेल, 'मग तिने नाही म्हणायचं!' म्हणायला हवं होतं, खरंच. पण गाडी सुटायच्या बेतात, मागे पाऊणशे माणसं बघताहेत, समोर दोन मुलं तोंडाकडे बघताहेत, अशा वेळी नाही म्हणणं किती जणींना जमेल? म्हणूनच मला वाटतं, चूक मागणाऱ्याची. ज्या मागणीला समोरचा मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकत नाही, ती मागणी सभ्य शब्दांत केली तरी सभ्य नसते. 'प्लीज' लावलं म्हणून दडपण कमी होत नाही. त्या कुटुंबाने काय करायला हवं होतं? तिने केलं तेच. एक फेरी सोडायची, चारी जागा मिळवायच्या. किंवा दोन पुढे, दोन मागे. मोठी मुलं होती, आईबापांपासून दोन मिनिटं लांब बसली असती तर हरवली नसती.

याचा अर्थ सहप्रवाशाला कधीच विचारू नये, असं मी म्हणत नाही. हौस आणि गरज यांत फरक आहे. आपल्या पीएमपीच्या बसमध्ये डावीकडच्या जागा बायकांच्या. तिथे पुरुष बसला असेल तर 'उठा' म्हणायला आपण विनंतीचा सूर लावत नाही, लावूही नये. ते हक्काचं आहे. राइडवर असा हक्क कुणाचाच नसतो, असते ती फक्त पाळी. पण गरज असू शकते. पाच-सहा वर्षांचं घाबरलेलं मूल असेल, तर आई शेजारीच हवी. मुलगी एकटी असेल आणि शेजारी अंगचटीला येणारा कुणी येऊन बसला असेल, तर तिने जागा बदलून मागितलीच पाहिजे. त्याचं कारणही सांगायची गरज नाही. कुणाचं खांद्याचं ऑपरेशन झालंय, कुणाला एका कानाने ऐकू येत नाही, कुणाला दिसायला कमी आहे. अशांनी जरूर सांगावं आणि आपण भुवया न उंचावता उठावं. मात्र तेही शक्यतो ऑपरेटरमार्फत. म्हणजे ज्याला हलायचं नाही त्यालाही अवघडल्यासारखं होत नाही आणि जिला गरज आहे तिला चारचौघांत आपली अडचण उगाळावी लागत नाही.

आता ऑपरेटरच्या 'नाही'बद्दल. हा शब्द ऐकायची आपल्याला फार सवय नाही. 'अहो, काही होत नाही', 'तुमच्या साहेबांना बोलवा', 'मागच्या वेळी तर बसवलं होतं' ही आपली तयार उत्तरं. जागेच्या बाबतीत हा हट्ट नुसता उद्धटपणाचा होतो, पण सुरक्षेच्या बाबतीत तो जिवावर बेततो. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत ऑरलँडोला उंचावरून खाली सोडणाऱ्या एका राइडवरून १४ वर्षांचा मुलगा पडून दगावला. अंगाने थोराड होता. तो बसला होता त्या सीटचा सेन्सर हाताने बदलून ठेवला होता, त्यामुळे पट्टा नेहमीपेक्षा जास्त मोकळा राहिला तरी राइड सुरू झाली, असं तपासात पुढे आलं. सीट आणि माणूस यांचं माप जुळलं नाही तर काय होतं, याचं याहून भयंकर उदाहरण नको.

हे बायकांना विशेष सांगायचं कारण आहे. पट्टा लागत नाही म्हणून एखादीला उतरायला सांगतात, तेव्हा रांगेतून खसखस पिकते. कुणीतरी शेरा मारतं. ती लाजेने लाल होते आणि 'जरा जोरात दाबा ना, लागेल' म्हणून स्वतःच विनवते. मैत्रिणींनो, असं कधी करू नका. पट्टा शरीरासाठी आहे, शरीर पट्ट्यासाठी नाही. शंका असेल तर चढायच्या आधीच ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारावं, 'मला कुठली सीट नीट बसेल?' काही राइडवर अमुक सीटला पट्टा अधिक लांब असतो, काही पार्कांत बाहेरच एक नमुन्याची सीट ठेवलेली असते, तिच्यावर बसून बघता येतं. अशी जागा मागणं यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा असेल तर तो मागे उभं राहून फिदीफिदी हसणाऱ्यांचा. केस बांधा, ओढणी काढा, मंगळसूत्र आत घाला म्हणतात तेव्हाही वाद नको. चाकाला आणि साखळीला सौभाग्याचं लेणं कळत नाही.

एक राहिलंच. हे ऑपरेटर म्हणजे मी पाहिलेली बहुतेक कॉलेजच्या वयाची पोरं-पोरी असतात. दिवसभर उभं राहून तीच सूचना शंभरदा सांगतात, दर फेरीला प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघतात. त्यांना 'ए', 'अरे', 'शुक शुक' करून हाक मारायची नसते. 'दादा', 'ताई' म्हणायला आपल्याला पैसे पडत नाहीत. आणि त्यांच्याकडूनही एक अपेक्षा आहे. ज्या बाईला तुम्ही थांबवून ठेवलं आणि मग जागा दिली, तिला कुणी उठवत असेल तर तुम्ही बोलायला हवं. 'ही जागा त्यांना दिली आहे, तुम्ही पुढच्या फेरीला या', एवढंच. ते तुमच्या तोंडून आलं तर भांडण होत नाही. तिच्या तोंडून आलं, तर तीच भांडकुदळ ठरते.

आमच्या भिशीतली 'पैसे मोजलेत'वाली मैत्रीण म्हणाली, 'तू पुणेरी पाटीच लाव आता तिथे.' बरं, लावते. 'पुढची सीट हवी असल्यास पुढची फेरी घ्यावी. बसलेल्या माणसास उठवू नये, मग तो एकटा असो वा एकटी. पट्टा न लागल्यास वाद घालू नये, उतरावे. मागच्यांचे ऊन आपल्या मालकीचे नाही.' हसल्या सगळ्या. पण 'मिळेल तिथे बसावं' म्हणणारी आमची दुसरी मैत्रीण हसता हसता गप्प झाली. मग म्हणाली, 'मी कधी विचारलंच नाही गं. मला नेहमी वाटायचं, पुढे बसून बघावं.' तिचं वय एकसष्ट. दोन मुलं, सून, जावई, तीन नातवंडं, आणि प्रत्येक सहलीत बाकावर पिशव्यांपाशी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या सुटीत जाल तेव्हा पिशव्या लॉकरमध्ये टाका. थोडे पैसे जातील, जाऊ द्या. डॉक्टरने मनाई केली नसेल आणि मनातून वाटत असेल, तर फाटकाशी उभं राहून एकदा स्वतःसाठी विचारा. थांबावं लागलं तर थांबा. मिळाली जागा तर घट्ट बसा, आणि कुणी 'काकू, जरा मागे' म्हणालं तर छान हसून सांगा, 'नाही हो, मी या जागेसाठीच थांबले होते.' एवढं वाक्य घरी आरशासमोर दोनदा म्हणून ठेवलं तरी चालेल. ऐन वेळी उपयोगी पडतं.